अनुक्रमण, अतिक्रमण आणि चार चिरेखाणी

सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना एका गठ्ठ्यात मला 'परिसंस्थेतील अतिक्रमण' असे शीर्षक सापडले. अक्षर टपोरे होते, खाली पट्टीने दोन रेघा मारलेल्या होत्या आणि पुढचे सगळे उत्तर बिनचूक होते: उघडा खडक, त्यावर शैवाक (लायकेन), मग शेवाळ, मग गवत, मग झुडपे आणि सरतेशेवटी वृक्ष. चुकले होते ते एवढेच की अनुक्रमणाचे, म्हणजे एकाच जागी एकामागून एक सजीव येत जाण्याच्या क्रमाचे, अतिक्रमण झाले होते. मी लाल शाईने 'ति' खोडून वर 'नु' लिहिला, अर्धा गुण कापला आणि पुढच्या पेपराकडे वळले. रात्री मात्र ती चूक मनात घोळत राहिली. अतिक्रमण हा शब्द त्या मुलाने बाजारपेठेत, ग्रामपंचायतीच्या नोटिशीत आणि बहुधा घरातल्या वादावादीतही ऐकलेला असणार. अनुक्रमण हा शब्द त्याला पाठ्यपुस्तकाबाहेर एकदाही भेटलेला नव्हता. त्याच्या कानाला त्यातल्या त्यात जवळचा वाटणारा दुसरा शब्द म्हणजे पुस्तकाच्या पहिल्या पानावरची अनुक्रमणिका, आणि तिच्यात काही उगवत नाही की मरत नाही.

मी रत्नागिरी जिल्ह्यात सड्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट पठाराच्या, कडेला वसलेल्या एका गावात माध्यमिक आणि उच्च माध्यमिक वर्गांना जीवशास्त्र शिकवते. कितीतरी वर्षे मी हा धडा फळ्यावर एक आकृती काढून शिकवला. डावीकडे खाली दगड, उजवीकडे वर झाड, मध्ये चढत जाणाऱ्या पायऱ्या आणि त्यांना जोडणारे बाण. मुले ती आकृती दहा मिनिटांत उतरवून घेत, परीक्षेत ती हुबेहूब काढत आणि शाळेच्या गडग्यावर पावसाळ्यात चढणाऱ्या हिरव्या बुरशीसारख्या थराशी तिचा काही संबंध आहे असे त्यांच्या स्वप्नातही येत नसे. या आकृतीत दोन खोटी आहेत हे मला फार उशिरा कळले. पहिले खोट असे की तिच्यात काळ नाही. एक पायरी चढायला दोन महिने लागतात की दोनशे वर्षे, हे ती सांगत नाही. दुसरे अधिक वाईट आहे. ती आकृती नकळत असे सुचवते की झाड पास झाले आणि गवत नापास; की जिथे जंगल नाही ती जागा अजून अपुरी आहे. हे दुसरे खोट मी स्वतः किती वर्षे खरे मानले, त्याची कबुली पुढे येईलच.

अर्ध्या गुणाच्या त्या पेपरानंतर मी आकृती शेवटी काढायची असे ठरवले आणि सुरुवात एका कोळ्यापासून केली. १८८३ च्या ऑगस्टमध्ये जावा आणि सुमात्रा यांच्यामधल्या सामुद्रधुनीतल्या क्राकाटोआ बेटावर ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. बेटाचा मोठा भाग समुद्रात नाहीसा झाला आणि उरलेल्या तुकड्यावर राखेचा जाड थर बसला. नऊ महिन्यांनी, म्हणजे १८८४ च्या मे महिन्यात, एका फ्रेंच मोहिमेतले एदमों कोतो त्या राखेवर जीवनाची खूण शोधत हिंडले, तेव्हा त्यांना एकच सजीव दिसला: एक अगदी बारीक कोळी, आणि तो जाळे विणत होता. एवढे सांगून मी गप्प बसते. वर्गात थोडा वेळ शांतता असते आणि मग कोणीतरी विचारतेच, "बाई, पण जाळ्यात अडकणार कोण?"

हा प्रश्न मुलांच्या तोंडून यावा लागतो. आपण विचारला तर त्याची चव जाते. तो आला की पुढचा तास आपोआप चालतो. कोळ्याची पिल्ले धाग्याचे टोक हवेत सोडून वाऱ्यावर मैलोन्‌मैल जातात, हे निम्म्या वर्गाने कधी ऐकलेले नसते, पण चतुर्थीच्या सुमारास गवतावर पसरलेले ते धागे सगळ्यांनी पाहिलेले असतात. वाऱ्याबरोबर केवळ कोळीच येतो असे नाही. बारीक किडेही येऊन पडतात, त्यातले बरेच मरतात, आणि ती मढी म्हणजे त्या नापीक राखेतले पहिले खत ठरते. मग १८८६ मध्ये तिथे गेलेल्या मेल्खियोर ट्रोइब या डच वनस्पतिशास्त्रज्ञाला राखेवर नीलहरित शैवालाचा बुळबुळीत पापुद्रा आणि त्यावर उगवलेले नेचे दिसले, हे मी सांगते. तेवढ्यात एखादी हुशार मुलगी पुस्तक उघडून तक्रार करते की पुस्तकात तर आधी शैवाक येते, कोळी कुठेच नाही. ही तक्रार ऐकण्यासाठीच मी कोळ्यापासून सुरुवात करते. आकृती फळ्यावर येण्याआधीच तिच्याविषयी शंका निर्माण झालेली असते.

आइसलँडजवळच्या सुर्त्सेची गोष्ट मी चटणीपुरती वापरते. १९६३ च्या नोव्हेंबरात समुद्रातून वर आलेले ते कोरे करकरीत बेट शास्त्रज्ञांनी सामान्य माणसांसाठी बंद ठेवले, तिथे १९६५ मध्ये पहिले फुलझाड दिसले, पुढे समुद्रपक्ष्यांची वसाहत झाली आणि त्यांच्या विष्ठेने हिरवळ वाढली. हे सगळे मुले सभ्यपणे ऐकतात. पण त्या जपून ठेवलेल्या बेटावर एकदा टोमॅटोचे रोप उगवले होते, आणि त्याचा उगम तिथे आलेल्या कोणा माणसाने उघड्यावर उरकलेल्या प्रातर्विधीत सापडला, हे सांगितले की वर्ग कोसळतो. बी कसे पसरते हा मुद्दा त्यानंतर कोणीही विसरत नाही. ही क्लृप्ती उच्च अभिरुचीची नाही हे मला मान्य आहे.

गोष्टींनी कुतूहल जागे होते, परंतु हाताला काही लागल्याशिवाय मुलांचा विश्वास बसत नाही. म्हणून मी घरून मसाल्याचा डबा नेते आणि त्यातले दगडफूल वर्गात फिरवते. काळपट-करड्या, कुरळ्या कागदाच्या कपट्यांसारखे ते तुकडे मुले नाकाशी धरतात आणि "हे तर गोड्या मसाल्यात असतं" असे सांगतात. हेच ते शैवाक, ज्याचे चित्र तुम्ही दरवर्षी खडकावर ठिपके देऊन काढता. एक बुरशी आणि एक शैवाल यांचा एकत्र संसार. नाव दगडाचे असले तरी बाजारात येणारे बरेचसे दगडफूल झाडांच्या सालींवरून खरवडलेले असते, हेही सांगावे लागते. शैवाके फार सावकाश वाढतात, कित्येक तर वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर, म्हणून आमटीत पडणारी ती चिमूट कित्येक पावसाळ्यांची असू शकते. त्यानंतरच्या तासाला कोणीतरी आजीचे म्हणणे घेऊन येते, आणि तो निरोप बहुधा भाववाढीविषयी असतो.

काळाचा प्रश्न मात्र सुटत नाही. चाळीस मिनिटांच्या तासात शंभर वर्षे कशी दाखवायची? याला मला दोन उत्तरे सापडली. एक म्हणजे काळ आखूड करायचा. रुंद तोंडाच्या बरणीत ओला कागद घालून त्यावर ताज्या शेणाचा गोळा ठेवायचा, बरणीला बाहेरून काळा कागद गुंडाळायचा आणि एका बाजूला रुपयाएवढी खिडकी कापून ठेवायची. काही दिवसांत शेणावर काचेच्या टाचण्यांसारख्या बारीक बुरशा उभ्या राहतात, प्रत्येकीच्या डोक्यावर एक काळा ठिपका. ही पायलोबोलस. ती उजेडाच्या दिशेने नेम धरून आपला काळा ठिपका उडवते, उघड्यावर तो दोन मीटरपर्यंतही जातो, आणि बरणीत सगळे ठिपके त्या रुपयाएवढ्या खिडकीच्या काचेवर येऊन चिकटतात. हे पाहिल्यावर शेणाची बरणी वर्गात ठेवायला कोणी नाक मुरडत नाही. शेजारच्या वर्गावरचे सर तेवढे आठवडाभर खिडकी लावून घेतात. पुढे पांढरी, कापसासारखी, वेगवेगळ्या रंगांची बुरशी येते आणि दोन-तीन आठवड्यांनी नाजूक छत्र्या उगवतात, ज्या एका दिवसात शाईसारख्या वितळून जातात. एकाच गोळ्यावर एकामागून एक पाहुणे आले आणि गेले.

ते याच क्रमाने का आले, हा प्रश्न बरणीपेक्षा मोठा आहे. सोपे उत्तर असे की पहिल्यांनी सहज पचणारी साखर संपवली, नंतरच्यांनी चिवट तंतू पचवायला घेतले. परंतु दुसरीही शक्यता आहे: सगळे एकाच वेळी कामाला लागले असतील आणि छत्रीवाल्यांना छत्री उभारायलाच वेळ लागत असेल. जोसेफ कॉनेल आणि राल्फ स्लेटियर या दोघा परिसंस्थाशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये अनुक्रमणाच्या तीन वाटा मांडल्या, त्या मी एस.टी.च्या भाषेत सांगते. पहिला प्रवासी स्वतः उठून पुढच्याला जागा करून देतो, ही एक वाट. पहिल्याला कोणाचे काही देणेघेणे नसते, जो जास्त वेळ उभा राहू शकतो त्याला शेवटी जागा मिळते, ही दुसरी. आणि खिडकीतून रुमाल टाकून जो जागा अडवतो, तो उतरेपर्यंत कोणाचे काही चालत नाही, ही तिसरी. आकृतीतले बाण फक्त पहिलीच वाट दाखवतात. इडलीचे पीठ हे त्या पहिल्या वाटेचे घरगुती उदाहरण: आधी ल्यूकोनोस्टॉक नावाचे जीवाणू वाढतात, पीठ फुगवतात आणि आंबट करतात, तो आंबटपणा वाढला की त्यांचे आपलेच चालेनासे होते आणि आंबट सहन करणाऱ्या दुसऱ्यांचे राज्य येते. पीठ जास्त आंबले असे आई म्हणते, तेव्हा एक सत्तांतर होऊन गेलेले असते.

काळाच्या प्रश्नाचे दुसरे उत्तर अधिक समृद्ध निघाले. हेन्री काउल्स नावाच्या अमेरिकी संशोधकाने १८९९ मध्ये मिशिगन सरोवराच्या काठच्या वाळूच्या टेकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाण्यापासून आत चालत जावे तसतशा टेकड्या अधिकाधिक जुन्या होत जातात, काठावर उघडी वाळू, मग गवत, मग झुडपे, आत जंगल, म्हणजे माणूस पावलांनी काळात मागे जाऊ शकतो, असे त्याच्या लक्षात आले. आमच्याकडे मिशिगन नाही, पण चिरेखाणी आहेत. कोकणातली घरे, गडगे, विहिरी, देवळांचे चौथरे सगळे जांभ्याच्या चिऱ्यांचे, आणि प्रत्येक गावाच्या सड्यावर कधी ना कधी चिरे काढून सोडून दिलेल्या खाणी असतात. त्यातली प्रत्येक खाण वेगळ्या साली बंद पडलेली. चिरे काढून नेल्यावर मागे राहतो तो बिनमातीचा नवा तळ. पाठ्यपुस्तकातल्या उघड्या खडकाची याहून चांगली प्रत शोधून सापडणार नाही.

कुठली खाण कधी बंद पडली, हे मात्र कुठल्याही कागदावर नव्हते. ते मुलांनी आजोबांना विचारून आणले, आणि तो अभ्यासाचा सर्वांत रंगलेला भाग ठरला. सन कोणालाच आठवत नव्हता, पण घटना सगळ्यांना आठवत होत्या. एका खाणीविषयी कळले की ती फयान वादळात बंद पडली. मुकादमाची शेड उडाली ती पुन्हा कोणी उभी केली नाही. फयान २००९ च्या नोव्हेंबरातले. दुसरी खाण कोकण रेल्वेचे काम चालू असताना जोरात होती आणि पहिली गाडी धडधडत गेली त्या सुमारास थांबली, म्हणजे १९९८ च्या आसपास. तिसरी सर्वांत जुनी. तिथे स्वतः टिकाव मारलेले एक आजोबा म्हणाले, "कोयनेचा भूकंप पहाटेचा झाला. सकाळी खाणीवर जाऊन बघतो तर एक कड ढासळलेली. मालकानं पुन्हा तिथे हात घातला नाही." ती पहाट ११ डिसेंबर १९६७ ची. चौथी खाण अगदी अलीकडची, एक पावसाळा पाहिलेली. अशा रीतीने एका कागदावर चार तारखा झाल्या आणि त्यांच्यातले अंतर मुलांनी आपल्या आजोबांच्या आयुष्याने मोजले.

पाण्याने भरलेल्या खोल खाणींकडे मी मुलांना फिरकू देत नाही. दरवर्षी कुठे ना कुठे त्यांत कोणीतरी बुडते. म्हणून उथळ, कोरड्या खाणी निवडून आम्ही डिसेंबरात गेलो. सोबत सुतळीची एक मीटरची चौकट, वही, आणि मातीची खोली मोजायला स्वेटर विणायची सुई.

नव्या खाणीच्या तळावर कटरच्या पात्याच्या समांतर रेघा तशाच होत्या. शैवाक कुठेच नव्हते. भिंतीवर पाणी झिरपलेल्या ठिकाणी काळे ओघळ होते, मुलांना ते डांबर वाटले; भिंगातून पाहिल्यावर आणि पाण्याचा थेंब टाकल्यावर तो काळा थर ओलसर, किंचित हिरवट झाला. क्राकाटोआवरचाच तो पापुद्रा. पात्याच्या रेघांत वाळलेले शेवाळ होते आणि एका कोपऱ्यात, जिथे पावसाने धूळ वाहून आणली होती, तिथे गवताची पाच-सहा वाळकी चिपाडे. म्हणजे गवताने शैवाकाची वाट पाहिलेली नव्हती. फयानच्या खाणीत रानमोडी माजली होती, डोक्याएवढी, इतकी दाट की चौकट टाकायला जागा होईना. ही अमेरिकेतून आलेली वनस्पती. तिने रुमाल टाकून जागा धरली आहे हे मी सांगायच्या आधीच मुलांनी ओळखले. "बाई, हे अतिक्रमण," असे मागून एकजण म्हणाला. तो तोच होता की नाही ते मी वळून पाहिले नाही, पण अर्धा गुण मी मनातल्या मनात परत केला.

रेल्वेच्या खाणीत करवंदीच्या जाळ्या होत्या, धायटी होती, कुडा होता, आणि भिंतीच्या सांध्यातून एक उंबर मुळांची बोटे खाली सोडत होता. करवंदीच्या जाळीत हात घालायला कोणी तयार नव्हते, पण एका मुलीने जमिनीवर आडवे पडून आत पाहिले आणि ओरडून सांगितले की आत किंजळीची आणि ऐनाची रोपे आहेत. बाहेर एकही नव्हते. गुरे काट्यांमुळे आत तोंड घालत नाहीत आणि सावलीत तळ तापत नाही. दुपारी एक वाजता उघड्या तळावर हात टेकवेना आणि जाळीखाली टेकवता येत होता, इथे एस.टी.ची पहिली वाट कोणाला समजावून सांगावी लागली नाही. भूकंपाच्या खाणीत पोहोचल्यावर मुलांनी विचारले की खाण कुठे आहे. ऐन, किंजळ आणि काजरा यांच्या सावलीत उक्षीच्या वेलींमागे टिकावाचे घाव असलेली भिंत दिसायला वेळ लागला. सुई इथे पहिल्यांदा पुरती मातीत गेली.

इथेच थांबून मी आकृती काढली असती तर धडा छान संपला असता. परंतु परतताना नेहमी गप्प असणाऱ्या एका मुलाने वही पुढे केली. त्याने एका बाजूला लिहिले होते: जुन्या दोन खाणी टिकावाने खणलेल्या, भिंती खडबडीत, भेगा पुष्कळ, नव्या दोन कटरने कापलेल्या, भिंती सपाट. खाली प्रश्न होता की नव्या खाणीत पन्नास वर्षांनी जुनीसारखीच झाडे येतील हे आपण कशावरून म्हणतो. मला उत्तर देता आले नाही, आणि न देता येण्याचा आनंद झाला. अलास्कातल्या ग्लेशियर बे इथे हिमनदी मागे सरकत गेली तसतशा उघड्या पडलेल्या जमिनीची कहाणी १९१६ पासून अभ्यासली गेली आणि जगभरच्या पुस्तकांत सरळ एका ओळीत छापली गेली; १९९५ मध्ये ख्रिस्तोफर फास्टी या संशोधकाने जुन्या झाडांची वर्तुळे मोजून दाखवले की वेगवेगळ्या वयाच्या त्या जागा एकाच वाटेने गेलेल्याच नव्हत्या. आज जी जागा तरुण आहे ती उद्या शेजारच्या म्हातारीसारखी होईलच असे नाही. त्या मुलाने अलास्का ऐकलेही नव्हते.

दुसरा प्रश्न अधिक अडचणीचा होता आणि तो खाणीतून वर सड्यावर आल्यावर आला. खाली खड्ड्यात पन्नास-पंचावन्न वर्षांत जंगल उभे राहिले, आणि खड्ड्याच्या काठापासून पुढे, जिथे कोणी कधी टिकाव मारला नाही, तिथे क्षितिजापर्यंत काळा कातळ आणि वाळलेले गवत. दुखावलेल्या जागी झाडे आणि न दुखावलेल्या जागी काही नाही, हे कसे? थोडे उत्तर जांभ्याच्या जडणघडणीत आहे. दख्खनचा बेसॉल्ट प्रचंड पावसात कुजत-झिजत गेला, विरघळणारे सगळे वाहून गेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले आणि वरचे कवच उन्हाने, पाण्याने लोखंडासारखे घट्ट झाले. त्याखालचा चिरा मऊ असतो, म्हणून तर तो कापता येतो. खाणीने ते कवच फोडले, खड्ड्यात माती आणि पाणी साठले. सड्यावर मात्र जूनपासून सप्टेंबरपर्यंत तळे आणि मार्चपासून भट्टी. त्यात गुरांचा आणि वणव्यांचाही वाटा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही.

"मग अजून थोडी वर्षं थांबलं की इथेही जंगल येईल ना?" असे एका मुलीने विचारले. आकृती बोलत होती. या प्रश्नाचे उत्तर द्यायला कोकणात फार लांब जावे लागत नाही. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू अशा अनेक गावांच्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत. हत्ती, मासे, माणसे, कळू न शकणाऱ्या चौकटी, सगळे सपाट कातळात कोरलेले. हजारो वर्षांपूर्वीची मानली जाणारी ही चित्रे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. ज्यांनी ती कोरली त्यांना कोरायला उघडा कातळ मिळाला होता, आणि आज आपल्यालाही त्या जागी उघडा कातळच दिसतो. काही शिल्पे मातीच्या थराखाली गेली होती आणि ती साफ करून काढावी लागली, हे खरे. पण इतक्या काळात साठली ती एवढीच माती. शैवाकापासून वृक्षापर्यंतचा बाण सड्यावर हजारो वर्षे एका जागी उभा आहे. मुलांनी कातळशिल्पे सहलीत पाहिली होती, त्यांवर बसून डबे खाल्ले होते, परंतु ती जीवशास्त्राचा पुरावा असू शकतात हे त्यांना आणि खरे तर त्या दिवसापर्यंत मलाही सुचलेले नव्हते.

अमेरिकेत फ्रेडरिक क्लेमेंट्सने १९१६ मध्ये अनुक्रमणाचा मोठा सिद्धांत मांडला तेव्हा वनस्पतींच्या समूहाला त्याने एका सजीवाची उपमा दिली: तो जन्मतो, वाढतो आणि ठरलेल्या प्रौढपणाला, चरमावस्थेला पोहोचतो. हेन्री ग्लीसनने १९२६ मध्ये उलट सांगितले की असा कोणी एक सजीव नसतो. ज्या जातीचे बी पोहोचले आणि ज्याला ती जागा मानवली ते तिथे राहिले, समूह म्हणजे योगायोगाने एकत्र आलेले शेजारी. शास्त्रातले वारे पुढे बरेचसे ग्लीसनच्या बाजूने वाहिले, पण फळ्यावरची आकृती क्लेमेंट्सचीच राहिली. परीक्षेत 'टप्पे लिहा' असा प्रश्न येतो, म्हणून मीही ती शिकवते आणि मुलांना गुण मिळवून देते. फक्त ती काढल्यावर सड्याचे नाव घेतल्याशिवाय तास संपवत नाही.

आता ती कबुली. काही वर्षांपूर्वी एका जुलैत मी स्वतः पुढाकार घेऊन सड्यावर वृक्षारोपण केले होते. मुलांनी पहारीने कातळ फोडून खड्डे केले, खालून टोपल्यांनी माती वाहिली, रोपांना कुंपण केले, फोटो निघाले. जागा पडीक आहे, ओसाड आहे, तिचे आपण भले करतो आहोत असे मी भाषणात म्हणाले. एप्रिलपर्यंत बहुतेक रोपे वाळली; जगली ती ऑस्ट्रेलियन बाभळीची. मी दोष पाण्याला दिला, गुरांना दिला, मुलांनी सुट्टीत पाळी चुकवली म्हणून त्यांनाही दिला. ज्या जागी आम्ही खड्डे केले तिथे पावसाळ्यात गेंदाची पांढरी बटणे आणि सीतेच्या आसवांचे निळे गालिचे असतात, हे मी लहानपणापासून पाहत आले होते. सीतेची आसवे ही कीटकभक्षी वनस्पती आहे. कातळावर नत्र इतके कमी की तिने मुळांच्या जागी बारीक फुगे करून पाण्यातले जीव पकडायची युक्ती काढली. आमची टोपलीभर खतमाती तिच्यासाठी मेजवानी नव्हती, तिच्या शेजाऱ्यांना दिलेले हत्यार होते. त्या खड्ड्यांच्या आजूबाजूला आज रानमोडी आहे. भूकंपाच्या खाणीतही, इतके सुंदर जंगल उभे राहूनही, सड्यावरच्या त्या चिमुकल्या फुलांपैकी एकही आम्हाला सापडले नव्हते. जंगल आले ते त्यांच्या बदल्यात आले.

सोलापूरच्या नान्नजच्या माळरानांवर माळढोक पक्ष्याची जी परवड झाली, तिच्यामागे इतर अनेक कारणे असली तरी गवताळ प्रदेशाला 'पडीक' समजून झाडे लावण्याची खोड हे एक होते, हे मी आता मुलांना सांगते. सांगताना आवाज जरा चढतो, कारण रागावणे दुसऱ्यावर सोपे जाते.

गेल्या वर्षी मुलांनी नव्या खाणीच्या तळावर ऑइलपेंटने एक मीटरच्या दोन चौकटी आखल्या. एक तशीच सोडायची, दुसरी दर डिसेंबरात खराट्याने आणि ब्रशने कातळापर्यंत साफ करायची. वही दरवर्षी पुढच्या तुकडीकडे द्यायची आणि ती प्रयोगशाळेच्या कपाटात, ॲसिडच्या बाटल्यांपासून लांब ठेवायची, असा ठराव झाला. खाणीच्या मालकाला विचारले तेव्हा तो हसला आणि म्हणाला की पुन्हा चिरे काढायची वेळ आली तर चौकट राहील याची हमी नाही. ती अट वहीच्या पहिल्या पानावर लिहिली आहे. दुसऱ्या पानावर तारीख, हवा, हजर असलेल्यांची संख्या, आणि चौकट क्रमांक १ पुढे कोणीतरी घाईने लिहिलेले 'नोंद करण्यासारखे काही नाही.' ती ओळ एका वेगळ्या अक्षराने खोडली आहे आणि वर लिहिले आहे: मुंग्या ३. चिमणीएवढ्या पक्ष्याची विष्ठा, त्यात दोन बिया. काळा डाग, वाटीएवढा, ईशान्य कोपऱ्यात.